बोरघाट, फियाट आणि आठवा माणूस

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, भारी की अ‍ॅम्बॅसडर, हा वाद जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर एकेकाळी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पुरायचा. अ‍ॅम्बॅसडरवाले आधी इंजिन काढतात: १४८९ सीसी, तर कुर्ल्यात तयार झालेल्या फियाटचे जेमतेम १०८९. ताकद ढोबळमानाने ५० अश्वशक्तीला ४०. ऐकणारा गारद होतो. पण उत्तरपाड्याहून आलेल्या त्या अ‍ॅम्बॅसडरबाईंचे वजन ११०० किलोच्या आसपास आणि आमची पद्मिनी ९०० च्या, हे कोणी सांगत नाही. भागाकार केला, तर दर टनामागे दोघींच्या वाट्याला ४५ च्या आगेमागेच अश्वशक्ती येते. म्हणजे रिकाम्या गाड्या घाटाला लावल्या तर बरोबरी. मग फियाट पुढे का निघायची? माझे म्हणणे असे, की ती इंजिनामुळे नव्हे, जागा कमी म्हणून निघायची.

गिअरचा दांडा दोघींचाही स्टीअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस बसवता येतो. पण फियाटमध्ये पाचवा बसला की सहाव्याला आपणहून लाज वाटते. अ‍ॅम्बॅसडरमध्ये मात्र सातव्यानंतरही ‘सरका जरा’ म्हणायला वाव असतो. माणशी ६० किलो धरा: पाच जणांसह फियाटकडे टनामागे ३३ अश्वशक्ती उरते, आठ जणांसह अ‍ॅम्बॅसडरकडे ३२ सुद्धा नाही. वर टपावरचा कॅरिअर, वळकटी, आणि पुण्याच्या आत्याबाईंना द्यायची आंब्याची पेटी. परिणाम बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच दिसतो. गाडी रांगू लागते, वारा मिळत नाही, इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ काही ढकलता येत नाही. बॉनेट उघडते, पंपावर ओले फडके पडते, मागच्या चाकाला दगड लागतो. सगळे खाली उतरतात आणि गाडी प्रथमच कंपनीने ठरवलेल्या वजनावर येते. हा व्हेपर लॉक फियाटलाही व्हायचा, नाही असे नाही. पण तिथे फडके धरायला माणसे कमी आणि सल्ला द्यायला तर त्याहून कमी.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या इंजिनाचा खालच्या गिअरमधला ओढा हिशेबात धरला नाही. कबूल, ओढा होताच. पण त्याच्याच भरवशावर तर आठवा माणूस बसायचा! दुसरा आक्षेप जास्त वजनदार: लाल दिव्याच्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडर घाट सरसर चढायच्या, त्या कशा? मागे एकटे साहेब, पुढे ड्रायव्हर, फार तर एक शिपाई. हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. दादर-पुणे टॅक्सीही सीटवर भाडे घ्यायच्या, म्हणून माणसे मोजून बसायची आणि फियाट वेळेवर पोचायची.

उतरताना मात्र वजनच गाडी ढकलते आणि प्रश्न ब्रेकचा होतो. जुन्या मॉडेलांत दोघींनाही चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापून ढिले पडायचे. अशा वेळी अ‍ॅम्बॅसडरमधले आठही जण एकदम पाय रोवून आपापला ब्रेक दाबायचे, आणि ही जादा यंत्रणा कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेली नव्हती.