शनिवारचा सुतार

न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबोरो या भागात कुठल्याही मराठी घरी जेवायला जा. दार उघडल्यावर यजमानाने “या, या” म्हणायच्या आधी तुमच्या पायांकडे पाहिलं, तर समजावं की आपण शनिवारच्या सुताराकडे आलो आहोत. बूट काढून झाल्यावरही त्याची नजर हलत नाही. मोजे नवे घालून यायला हवे होते, असं आपल्याला वाटायला लागतं. त्याला मोज्यांत काडीचा रस नसतो. मोज्यांखाली जे आहे ते तुम्हाला कधी दिसतंय, याची तो वाट बघत असतो.

“अरे वा, लाकडी फ्लोअर केलात!” आपण शेवटी म्हणतो.

“लाकूड नाही, लॅमिनेट. बारा मिलिमीटर.” मग एक छोटा विराम. “मीच बसवलंय.”

आतून बायकोचा आवाज येतो, “पाहुण्यांना आधी पाणी तरी दे!”

आता याची पूर्वपीठिका. पुण्यात असताना या माणसाने भिंतीत कधी खिळा ठोकलेला नव्हता. घरातली ट्यूब गेली की वायरमन यायचा आणि चिरंजीव फार तर स्टूल धरायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं, पण तिथला डव्हटेल जोडाचा जॉब त्याने वर्कशॉपमधल्या मामांकडून दोन वडापावच्या बोलीवर करून घेतला होता. घासून गुळगुळीत केला तोही मामांनीच. असा हा माणूस अमेरिकेत आला, घर घेतलं, खालचं कार्पेट काढायचं ठरलं आणि फ्लोअरवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला. तो आकडा त्याने मनातल्या मनात रुपयांत मांडला. सुतार जन्माला आला तो त्या क्षणी.

यात खरा हात स्वीडनचा आहे. पेर्स्टॉर्प नावाच्या स्वीडिश कंपनीने 1977 साली हे लॅमिनेट फ्लोअरिंग काढलं. मध्ये दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि फोटोवर पारदर्शक कडक थर. सुरुवातीला पट्ट्या गोंदाने जोडाव्या लागत. गोंद म्हटला की सरावाचा हात लागतो, त्यामुळे तोवर सॉफ्टवेअरवाले सुरक्षित होते. 1990 च्या दशकाच्या अखेरीला खटक्यात बसणाऱ्या पट्ट्या आल्या. पट्टी तिरकी धरायची, खाचेत घालायची, खाली दाबायची, खट्. हा खट् आवाज ज्याने एकदा स्वतःच्या हातून काढला, तो पुन्हा पूर्वीचा राहिला नाही.

आमच्या माणसाने आधी महिनाभर व्हिडिओ पाहिले. मग होम डेपोतून खोकी आली आणि दिवाणखान्यात आडवी पडली. पट्ट्यांना घरातल्या हवेची सवय व्हायला अठ्ठेचाळीस तास द्यावे लागतात, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते त्याने वेदवाक्य मानलं. खोक्यांजवळ मोठ्याने बोलायचीही घरात चोरी झाली. “माझी आई बावीस तासांचा प्रवास करून आली, तर हा तिला दुसऱ्याच दिवशी कॉस्टकोला घेऊन गेला,” असं बायको अजून म्हणते.

प्रत्यक्ष काम शनिवारी सुरू झालं. मुलाला पट्ट्या आणून द्यायचं काम. तेही एकाच खोक्यातल्या नाहीत, तीन-चार खोक्यांतून मिसळून, कारण लाकडाचा फोटो शेवटी फोटोच. ठरावीक पट्ट्यांनंतर तीच गाठ, तीच रेघ पुन्हा येते, आणि दोन जुळ्या गाठी शेजारी बसल्या की बिंग फुटतं. एवढं सांभाळूनही एक जोडी नजर चुकवून बसलीच. सोफा आज जिथे आहे तिथे का आहे, याचं उत्तर त्याच्या खाली आहे.

भिंतीकडेने जेमतेम अर्धा इंच जागा सोडायची असते. उन्हाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगतात, हिवाळ्यात हीटिंगने आकसतात. जागा नसली तर मधोमध फुगवटा येतो. हे त्याला इतकं पटलंय की तो आता ते सगळीकडे लावतो. मुलीच्या अभ्यासाचं वेळापत्रक असो, मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम असो, “जरा एक्स्पान्शन गॅप ठेवा,” हे ठरलेलं. शेवटची रांग उभी चिरून बसवायला त्याला बाकीच्या सगळ्या खोलीइतका वेळ लागला, हे मात्र तो सांगत नाही. ते मुलगा सांगतो.

पाहुण्यांची फेरी दारापासून सुरू होते. चौकटीखाली पट्टी कशी आत सरकवलीय ते बघायला वाकावं लागतं. चांगले पन्नाशीचे, कंबरेचा पट्टा लावणारे लोक मी त्या चौकटीशी ओणवे झालेले पाहिलेत. तोवर वरणाला साय धरलेली असते.

मागच्या डिसेंबरात तो कोथरूडला भावाकडे उतरला. भावाच्या बेडरूममध्ये नेमकं हेच काम निघालं होतं. याने बॅगेतून लेझर लेव्हल काढली, भिंतीवर लाल रेघ पाडली. मिस्त्रीने रेघेकडे पाहिलं नाही. एक डोळा मिटून तो म्हणाला, “भिंत गुण्यात नाय. त्या टोकाला पाऊण इंच मारतीय.” लेझरचंही तेच मत पडलं. मग दोन पोरं उकिडवी बसली आणि जुन्या टाइल्सवर फोम अंथरून खटाखट सुटली. याने पिवळे प्लास्टिकचे स्पेसर पुढे केले, तर त्यांनी भिंतीशी पट्टीचेच कापलेले तुकडे खोचले होते. दुसरा चहा येईस्तोवर अर्धी खोली झाली.

हा गप्प कसला बसतोय. जोड किती अंतरावर असावेत, दाराच्या चौकटीला करवत कशी धरावी, तुकडा ठोकताना पट्टीची कड कशी वाचवावी, सगळं सांगून झालं. भाऊ शरमेने गॅलरीत जाऊन उभा राहिला. मिस्त्रीने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. हात पुसले, तंबाखूची पुडी काढली आणि व्यवसायबंधूला विचारावं तशा आदराने विचारलं, “साहेब, तिकडं फुटाला काय भाव घेता तुम्ही?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रमोशनलाही तो असा खुलला नव्हता. खुर्ची ओढून मिस्त्रीजवळ सरकला आणि म्हणाला, “मटेरियल धरून, की नुसती मजुरी?”