चार दरवाजे, पाच खिडक्या आणि एक नेलकटर

रात्री दोनला कंट्रोल रूममधून फोन आला आणि "अमुक पंपाचा तमुक व्हॉल्व्ह" एवढंच कानावर पडलं, तरी प्रस्तुत लेखक अर्धवट झोपेत सांगू शकतो, की तो व्हॉल्व्ह कितव्या मजल्यावर, कुठल्या खांबाच्या डाव्या अंगाला आहे आणि त्याचं चाक फिरवायला दोन माणसं का लागतात. रविवारी सकाळी मात्र ह्याच लेखकाला स्वतःच्या घरातलं नेलकटर सापडत नाही.

"काहो, येवढं मोठं प्लांट चालवता म्हंता, आन् घरचं नेलकटर नाई सापडत तुमाले?" हा प्रश्न ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता उत्तराची अपेक्षाही कोणी धरत नाही. 'प्लांट चालवता' ह्या शब्दांत बरीच अतिशयोक्ती आहे, हे लेखक इथे नम्रपणे नमूद करतो. बायकोपुढे मात्र त्याने ती दुरुस्ती कधी केली नाही.

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ पासून वीज तयार करतंय. आज तिथे २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण २,९२० मेगावॅट. गंमत अशी, की संचांची मोजणी तीनपासून सुरू होते आणि नऊला संपते. एक आणि दोन क्रमांकाचे संच वय झालं म्हणून बंद झाले, पण म्हणून तीनला कोणी 'एक' म्हणू लागलं नाही. थोरले दोघे गेले तरी तिसरा तिसराच राहिला. ह्याला म्हणतात व्यवस्था. प्रत्येक पंपाला नंबर, प्रत्येक ब्रेकरला नंबर. पाळी संपली की जाणारा लॉगबुकात लिहितो, येणारा ते वाचतो आणि मगच खुर्ची बदलते. यंत्र दुरुस्तीला द्यायचं तर परमिट निघतं, ब्रेकरवर लाल टॅग लागतो आणि परमिट परत आल्याशिवाय तो टॅग साक्षात साहेबांनाही काढता येत नाही.

घरी असलं काहीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा संसार दोन खोल्यांत आणि एका माळ्यावर साचला होता. त्यात निवृत्तीला दोन वर्षं उरली. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं, आणि क्वार्टर सोडणं म्हणजे घरात काय काय आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. पहिल्या गोष्टीची भीती सगळ्यांना वाटते. दुसरी जास्त भयंकर आहे.

तेव्हा लेखकाने घराची व्यवस्था लावायचं मनावर घेतलं आणि सवयीप्रमाणे सुरुवात लॉगबुकानेच केली. दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: दिनांक, वेळ, वस्तू, कोणी नेली, कोणी परत ठेवली, सही. पहिल्या दिवशी कात्रीची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी टॉर्चची. तिसऱ्या दिवशी बायकोने कढीपत्त्याची नोंद करून 'परत ठेवली' ह्या रकान्यात 'फोडणीत' असं लिहिलं. चौथ्या दिवशी नोंद झाली नाही, कारण लॉगबुक सापडलं नाही.

मग पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर एक अॅप सुचवलं. "बाबा, प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, कॅटेगरी टाकायची, लोकेशन टाकायचं. नंतर फक्त सर्च." ह्या 'फक्त'साठी चार रविवार खर्ची पडले. पाचव्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर हवा होता. अॅपने क्षणात उत्तर दिलं: माळा, खोका क्रमांक सात. हे अगदी खरं होतं. फक्त खोक्यांचे क्रमांक खोक्यांच्या तळाला लिहिले होते आणि सात नंबरच्या खोक्यावर तीन खोके होते. शेवटी स्क्रू सुरीने पिळला. सुरी अॅपमध्ये नव्हती, म्हणूनच ती जागेवर होती.

तिसरा प्रयोग बाराखडीचा. शब्दकोश चालतो तर घर का चालू नये? पण शब्दकोशात बायको नसते. लेखकाने 'पक्कड' प च्या डब्यात ठेवली. त्याच्या लेखी पक्कड म्हणजे तार कापायचं, खिळा उपटायचं हत्यार. बायकोच्या लेखी पक्कड म्हणजे चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायची वस्तू. तिने प चा डबा उघडला, ग्रीस लागलेलं हत्यार बाहेर काढलं आणि काही न बोलता पुन्हा आत ठेवलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

इथे लेखकाने थोडा अभ्यास केला. अभ्यास केला की काम केल्याचं समाधान मिळतं आणि काम मात्र तसंच राहतं.

अभ्यासातून पहिला दिलासा मिळाला तो असा, की ह्या दुखण्याने थोरामोठ्यांनाही सोडलेलं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधलेल्या गाठोड्यांत ठेवत, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल. रियासतकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद छापायला घेतले, तर त्याचेच पंचेचाळीस भाग झाले. लेखकाच्या माळ्यावरही जुन्या साड्यांत बांधलेली सहा गाठोडी आहेत. त्यांना 'रुमाल' म्हणायला लागल्यापासून ती तितकीशी टोचत नाहीत.

पुण्यातच डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश चालू आहे. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्र्यांनी काम सुरू केलं, सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यांत कप्पे, कप्प्यांत चिठ्ठ्या. पहिला भाग छापायला १९७६ उजाडलं. त्यानंतर अनेक भाग निघाले, तरी कोश अजून 'अ' ह्या अक्षरातच आहे. हे वाचून लेखकाला इतकं हायसं वाटलं, की त्याने त्या दिवशी आवराआवर केलीच नाही.

मग भेटले रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक असताना १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले, तिथल्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला आणि त्यावरून त्यांना सुचलं, की विषयाला एक ठरलेला खण देण्यापेक्षा विषयाचे तुकडे हवे तसे जोडावेत. त्यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आलं. त्यांनी कुठल्याही विषयाची पाच अंगं मानली: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. ऊर्जानगरच्या रहिवाशाला पाचांपैकी एक आयतंच मिळालेलं. पण नेलकटरचं व्यक्तित्व काय, ह्यावर लेखक दोन पाळ्या विचार करत राहिला. रंगनाथनांची पद्धत ग्रंथालयासाठी होती. त्यांच्या घरी नेलकटर कुठे असे, हे त्यांच्या ग्रंथांवरून कळत नाही.

सगळ्यांत मोह पडला तो जपानच्या नोगुचींचा. युकिओ नोगुची हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९९३ साली एक पुस्तक लिहून सांगितलं, की वर्गवारीच करू नका. प्रत्येक कागद मोठ्या पाकिटात घाला, पाकिटं फळीवर ओळीने उभी करा, वापरलेलं पाकीट परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला ठेवा. लागतात ती पाकिटं आपोआप डावीकडे जमतात, न लागणारी सरकत सरकत उजव्या टोकाला जातात आणि तिथून रद्दीत. आळशी माणसासाठी इतकी सुरेख पद्धत दुसरी नसेल. लेखकाने ती आठवडाभर पाळली. आठव्या दिवशी बायकोने फळी पुसली आणि सगळी पाकिटं उंचीप्रमाणे लावली. छान दिसत होती.

उत्तर सापडलं ते चहाच्या टपरीवर. ताडोब्याला निघालेले काही पर्यटक दुर्गापूरच्या रस्त्यावर थांबले होते. सफारी दुपारची, हातात सकाळ रिकामी. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "शहरात बघण्यासारखं काय आहे?" लेखकाने एका दमात सांगितलं: गोंड राजांचा परकोट बघा, चार दरवाजे आहेत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा, आणि पाच खिडक्या आहेत, बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. पर्यटक निघून गेले, चहा निवला आणि लेखक तिथेच उभा राहिला. स्वतःच्या चार पासबुकांची बँकांची नावं ज्याला ओळीने सांगता येत नाहीत, त्याने नऊ नावं न अडखळता म्हटली होती. शाळेच्या वयात ह्या सगळ्या दरवाजांतून त्याची सायकल गेली होती. व्हॉल्व्हही त्याला नंबरावरून आठवत नव्हता, खांबावरून आठवत होता. त्याचं डोकं यादीचं नव्हतंच, ते रस्त्याचं होतं.

(ही युक्ती जुनीच निघाली. छत कोसळून चेंदामेंदा झालेले पाहुणे कोण कुठे बसलं होतं त्यावरून ओळखणाऱ्या सायमोनिडीस नावाच्या ग्रीक कवीची कथा रोमन लोक सांगत. स्मरणशक्तीची विद्या तिथून सुरू झाली म्हणे. कपाट आवरायला मात्र छत पडायची वाट बघू नये.)

सुताराकडून सागवानी कपाट करून घेतलं. चार मोठे खण, पाच छोटे कप्पे. सुताराने विचारलं, "साहेब, पाचच काहून? सहा बसते ना जी." त्याला परकोटाचं कारण सांगितल्यावर त्याने मजुरी आगाऊ मागितली.

जटपुरा उत्तरेचा दरवाजा. ऊर्जानगरहून तुकूम ओलांडून शहरात शिरायचं ते इथूनच. म्हणून घरात येणारं सगळं जटपुऱ्यात: बिलं, किल्ल्या, चष्मा, सुटे पैसे, लग्नपत्रिका. दक्षिणेच्या पठाणपुऱ्यात घराबाहेर जाणारं, म्हणजे इस्त्रीचे कपडे, शेजाऱ्यांचे परत करायचे डबे. बिनब्याकडून इरई नदी जवळ, म्हणून त्यात पाण्याचं आणि दुरुस्तीचं सामान; लेखकाची पक्कड अखेर तिथे विसावली. अंचलेश्वरापाशी गोंड राजांच्या समाध्या आहेत, तेव्हा त्या खणात वाडवडिलांचे सातबारे, जन्ममृत्यूचे दाखले, विम्याची पॉलिसी. हनुमान खिडकीत औषधं, संजीवनीच्या हिशेबाने. विठोबा खिडकीत प्रवासाचं. चोर खिडकी बायकोला दिली, तिथे काय आहे ते विचारायचं नाही असं ठरलं. मसण खिडकीत मेलेल्या मोबाइलचे चार्जर, गेलेल्या टीव्हीचे रिमोट आणि वस्तूच्याही आधी मुदत संपलेली वॉरंटी कार्डं.

बगड खिडकीला काय द्यायचं ते ठरेना. ती रिकामी राहिली.

पद्धत चालली. इतकी, की तिचे दुष्परिणाम दिसू लागले. एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी फोनवर विचारलं, "भाऊ, वडिलांचा दाखला कुठे ठेवलाय म्हणाले होते?" लेखक म्हणाला, "अंचलेश्वरात." शेजारी अर्ध्या तासाने देवळातून फोन करत होते. मावशी आल्या तेव्हा बायको आतून ओरडली, "त्यांचं ब्लडप्रेशरचं पाकीट मसणात नाई, हनुमानात पहा!" मावशींनी ते ऐकलं. त्या रात्री त्या लवकर झोपल्या.

आणि जटपुऱ्यात ट्रॅफिक जाम झाला. खरा जटपुरा गेट कोंडीसाठी सगळ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. कपाटातला त्याच्या वळणावर गेला. जे येईल ते आत, बाहेर काहीच नाही. बिलावर बिल, बिलांखाली चष्मा, चष्म्याखाली दुसरा चष्मा, जो हरवला म्हणून पहिला आणला होता. मग लेखकाने एकेरी वाहतूक लागू केली: जटपुऱ्यात शिरलेली वस्तू रविवारपर्यंत दुसऱ्या कुठल्या तरी दरवाजातून निघालीच पाहिजे. शनिवारी रात्री तिथे पोलीस उभा करायची वेळ येते. तो पोलीस लेखकच असतो आणि तोच बहुधा नियम मोडतो.

एवढं सगळं झालं तरी नेलकटर नव्हतंच. नऊपैकी आठ ठिकाणं धुंडाळून झाली.

मागच्या महिन्यात बायको चार दिवस माहेरी मूलला गेली. जाताना म्हणाली, "तुमचं सारं बगडात ठेवलं जी." बगडात? जिथे काही ठरलंच नव्हतं तिथे? लेखकाने कप्पा उघडला. आत स्टीलचे चार डबे, झाकणांवर तिच्या अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या. 'फर्स्ट': त्यात स्कूटरची जादा किल्ली, डब्याचा चमचा, पासाचं पाकीट. 'सेकंड': डोळ्यांत घालायचे थेंब, आणि रात्री परतताना झुडपाकडे मारायला टॉर्च, कारण कॉलनीत बिबट्या फिरतो. 'नाइट': माकडटोपी, आलेपाक, अॅसिडिटीच्या गोळ्या. अठ्ठावीस वर्षं लेखकाची पाळी बदलली की घराचं जेवण, झोप आणि कुकरच्या शिट्या बदलत आल्या, आणि तिने त्या पाळ्यांच्याच हिशेबाने त्याचं सामान लावलेलं होतं. डब्यांच्या कडा झिजल्या होत्या. कपाट सहा महिन्यांचं होतं. डबे त्याच्या कितीतरी आधीचे.

चौथ्या डब्यावर 'सुट्टी' लिहिलेलं. झाकण जरा घट्ट होतं. आत घडी घातलेला एक कागद, त्यावर 'गिरणी, पंख्याचा आवाज, माळा' अशी कामांची यादी, आणि तिच्यावर वजन म्हणून ठेवलेलं नेलकटर.