रकानेबहाद्दरांना अनावृत पत्र

प्रति,
ऊस खाते उताऱ्याचा तक्ता छापून देणारे संगणकवाले साहेब



आपले नाव मला ठाऊक नाही आणि कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. लिहायचे कारणही नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा आहे, त्याच्या घरात असला एखादा कागद सापडतोच. पत्र आभाराचे आहे, तेव्हा घाबरू नये.

हंगाम संपल्यावर आपण छापलेला उतारा हाती आला. तीन पाने. तारीख, स्लिप नंबर, गाव, उसाची जात, हंगाम, वजन, दर, रक्कम आणि मग कपातींची रांग : सोसायटी, पाणीपट्टी, ठेव. शेवटचा रकाना 'निव्वळ देय'. म्हणजे असावा. उभ्या ए-फोर कागदावर 'निव्व' एवढेच उमटले आहे, बाकीचे कागदाबाहेर गेले. आपल्या स्क्रीनवर ते नक्की दिसत असेल. शेतकऱ्याने आपला स्क्रीन बघायला यावे, अशी योजना असेल तर कळवावे.

पहिल्या पानावर रकान्यांची नावे आहेत. दुसऱ्या पानापासून नुसते आकडे. हा खास आवडलेला भाग. त्यामुळे डोक्याला चालना मिळते. 14.385 हे वजन, एवढे कळते. पुढे दर ओळखायला मी एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, आधार घेतला. 2024-25 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्यावर टनाला 3400 रुपये ठरवले होते, ते इथे पोरासोरांनाही पाठ. पण प्रत्येक कारखान्याचा साखर उतारा निराळा, दरातून तोडणी-वाहतूक वजा होते, त्यामुळे तो आकडा कागदावर कुठेच जुळला नाही. शेवटी आमचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा पोरगा, आला, त्याने पहिले पान दुसऱ्यावर ठेवून, फूटपट्टी लावून एकेक रकाना उलगडून सांगितला. पोराला मान मिळाला, चहा मिळाला. आपल्या कृपेनेच.

आता गावाच्या रकान्याकडे येतो. तक्त्याची रुंदी आपण यंत्राच्या मर्जीवर सोडली आहे, त्याला आपल्या भाषेत 'टेबल-लेआउट : ऑटो' म्हणतात. यंत्र आधी सगळे रकाने वाचते आणि ज्याचा मजकूर लांब त्याला ऐसपैस जागा देते. त्यामुळे 'वडगाव निंबाळकर' पाय पसरून बसते आणि रुपयांचा रकाना अंग चोरतो. आमच्याकडच्या लग्नातल्या पहिल्या पंगतीची रीत हीच, म्हणून परके वाटले नाही. मग कोणीतरी तक्रार केली असावी, कारण आपण शब्द कुठेही तोडायची परवानगी देऊन टाकलीत. तेव्हापासून 'भवानीन' वर आणि 'गर' खाली. गावाचे एक वेळ चालते. पण 48,965 रुपयांपैकी '48,9' वरच्या ओळीत आणि '65' खालच्या ओळीत आले, तेव्हा घरात वाद झाला की हे पासष्ट रुपये कशाचे कापले.

को 86032 चे काय झाले तेही सांगतो. ही जात नीरा नावानेही ओळखली जाते. आपल्या उताऱ्यात 'को' पहिल्या पानाच्या तळाशी राहिला आणि '86032' दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, एकटाच, रक्कम असल्यासारखा. आमच्या सौभाग्यवतींनी तो बेरजेत धरला. त्या दिवशी आम्ही फार श्रीमंत होतो.

कोणी आगाऊ माणूस आपल्याला सांगेल की हे सगळे चार-पाच ओळींत मिटते. टेबल-लेआउट 'फिक्स्ड' करून रकान्यांची रुंदी आपण ठरवायची. डोक्याची ओळ 'टीहेड'मध्ये घातली की ती प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाते. ओळीला 'ब्रेक-इनसाइड : अव्हॉइड' लिहिले की ती दोन पानांत फाटत नाही. आकड्यांना 'नोरॅप', म्हणजे ते मधेच तुटत नाहीत, आणि कागद 'लँडस्केप', म्हणजे आडवा. यातले बहुतेक नियम, काही जुन्या नावांनी, सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या नियमांच्या, 1998 सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून लिहून ठेवलेले आहेत. म्हणजे तेव्हा लावलेल्या उसाचे किती खोडवे झाले असते, बघा. अशा माणसाचे ऐकू नये.

कारण उतारा वाचता आला तर लोक वाचतील. वाचले तर विचारतील. कारखान्याची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची असते. 'मंजूर, मंजूर' म्हणून तासाभरात मोकळे व्हायची आपली जुनी पद्धत आहे, त्यात कोणी उभा राहून दुसऱ्या पानावरच्या नवव्या रकान्याबद्दल बोलू लागला तर जेवणे खोळंबतील.

महसूल खात्याने असला आततायीपणा करून पाहिला आहेच. 2020 साली सातबाराचा नमुना बदलला. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आणला, दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेघ मारली, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवून खाली बेरीज दिली, जुने फेरफार नंबर तळाच्या वेगळ्या चौकटीत नेले. कमी झालेली नावे पूर्वी कंसात असायची, त्यांच्यावर आता आडवी रेघ. परिणाम काय? कोण हयात, कोण गेला, हे भावकीत कोणालाही न विचारता कळते. बोलणेच कमी झाले.

तेव्हा आपण आहे तसेच चालू ठेवावे, ही विनंती. पुढच्या हंगामात जमल्यास अक्षर आणखी बारीक करावे.

आपला नम्र,
एक सभासद

ता. क. चुकून सुधारणेची बुद्धी झालीच, तर एक सांभाळा. एकूण बेरजेची ओळ 'टीफूट'मध्ये टाकू नका. तीही डोक्याच्या ओळीसारखी दर पानावर छापली जाते. तीन पानांवर तीनदा 'निव्वळ देय' दिसले, तर आमची मंडळी तिन्ही न्यायला येतील, आणि येताना ट्रॅक्टरच्या शोरूमला आगाऊ रक्कम देऊनच येतील.