तलवारीचा केक आणि फिटरची जागा

फिटरची जागा भरायची म्हणजे पूर्वी साहेब पोराचा हात बघायचे. मायक्रोमीटर धरता येतो का, कानस सरळ चालते का, एवढ्यावर भागायचं. आता बारामती एमआयडीसीत अर्ज टाकायच्या आधी पोरं इन्स्टाग्राम झाडूनपुसून घेतात, कारण एचआरवाले मॅडम-साहेब तेच आधी उघडतात. हाताचं काय, तो कंत्राटदार बघून घेईल.

आमच्या कळंबच्या पोरांची यात फार पंचाईत. शेजारी वालचंदनगर, तिथल्या कारखान्यानं इस्रोच्या रॉकेटांचे भाग घडवलेले. लेथ-वेल्डिंगचं बाळकडू घरोघरी मिळतं. पण खात्यावर काय सापडतं? उसाच्या डबल ट्रॉलीपुढं गॉगल लावून घेतलेली एंट्री, बैलगाडा शर्यतीतला धुरळा आणि तलवारीनं कापलेला केक. तलवारीपुरता मी साहेबांच्या बाजूचा आहे. ज्याला केक कापायला सुरी पुरत नाही, त्याच्या हाती ग्राइंडर न दिलेला बरा.

खरा घोळ नेत्यांच्या स्टेटसचा. आमच्या इंदापूरचे हर्षवर्धन पाटील १९९५ ला अपक्ष निवडून आले, २००९ ला काँग्रेसकडून. २०१९ ला ते कमळावर उभे होते, २०२४ ला तुतारीवर. त्यात जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली आणि पुढच्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर आल्या. कार्यकर्त्यानं स्टेटस लावायचं तरी कुणाचं? नेत्याला तिकीट देताना त्याचे जुने फ्लेक्स कुणी काढून बघत नाही, तो ‘राजकीय निर्णय’ असतो. पोराच्या खात्यावर मात्र २०१९ चं कमळ आणि २०२४ ची तुतारी एकाखाली एक दिसली की शेरा पडतो, ‘स्थिरता नाही’. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेणाऱ्यांनी स्थिरतेची चौकशी करावी, हे विशेष.

सरकारी नोकरी बरी म्हणावी, तर तिथं आत गेल्यावर खात्यावर डोळा असतो. २८ जुलै २०२५ ला राज्य शासनानं बजावलं, की कर्मचाऱ्यांनी शासनाच्या धोरणावर सोशल मीडियावर टीका करू नये, खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. कंत्राटी माणसंही त्यात आली. म्हणजे पगार अर्धा, तोंड मात्र पूर्ण बंद. अमेरिकेला शिकायला जावं, तर जून २०२५ पासून तिथली वकिलात विद्यार्थ्यांना सांगते, खात्याची कुलपं काढा आणि मग व्हिसा मागा.

कायदा आहे की, असं आमचे वकील पाव्हणे म्हणतात. आहेच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा. फक्त आपली माहिती आपणच चव्हाट्यावर मांडली असेल, तर तिला तो लागू होत नाही. आणि आमच्या पोरांनी चव्हाट्याखेरीज दुसरीकडं काही मांडल्याचं मला तरी आठवत नाही.

तर आमच्या आळीतल्या एका आयटीआयवाल्यानं शहाणपणा केला. एका रात्रीत खातं कोरं. मुलाखतीत साहेबांनी मोबाइल खाली-वर केला आणि डोळे बारीक करून विचारलं, “काहीच कसं नाही रे? काय लपवतोयस?”

“काय नाय सर, मी तसा साधाच हाय.”

साधेपणाचा पुरावा नव्हता, जागा गेली. मग चुलत्यानं मनावर घेतलं. नवं खातं काढलं. त्यावर बेलवाडीच्या रिंगणात कपाळी बुक्का लावलेला फोटो, आजीच्या पाया पडतानाचा फोटो, रोपाला पाणी घालतानाचा फोटो (रोप शेजाऱ्याचं, झारी आमची) आणि रोज सकाळी सूर्योदयासह एक सुविचार. चुलत्याला टायपिंग येत नाही, तो बोलून लिहितो, त्यामुळं ‘परिश्रम’चं एकदा ‘परी श्रम’ झालं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कंपनीत पोरगं चिकटलं.

महिन्याभरात एचआरच्या मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्याचं भेदरलेलं तोंड बघून म्हणाल्या, “घाबरू नकोस. सुरक्षा सप्ताहासाठी कंपनीच्या पेजवर रील टाकायचंय. तू आधी ट्रॅक्टरवर भारी नाचायचास म्हणे. युनिफॉर्मवर नाच, फक्त हेल्मेट काढू नकोस.”