शेरा : फुलोरा नाही

काकांना “यंदा मोगरा कसा आहे?” असं सहज विचारू नये. आपण बोलायला विषय म्हणून विचारतो, काका ते साक्षीचं समन्स समजतात. “थांबा,” म्हणून आत जातात आणि वही घेऊन येतात. मग मागच्या वर्षीची पहिली कळी, त्याच्या मागच्या वर्षीची पहिली कळी, दोन्हींतला सहा दिवसांचा फरक आणि त्या फरकाची संभाव्य कारणं ऐकेपर्यंत आपला चहा गार होतो. मोगरा बघायचा राहूनच जातो.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. पुण्यात एका सोसायटीत दोन असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. आमचे काका कोथरूडचे, लेखापरीक्षणातून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल पेनने खुणा केल्यावर घरात एकही वही नसावी, हे त्यांना सोसेना. गच्चीत वीसेक कुंड्या होत्या, रंगाच्या जुन्या डब्यांत कढीपत्ता आणि गवती चहा होता, तडा गेलेल्या बादलीत अळू होतं. एवढं खातं त्यांना पुरलं. इतर घरांत दूध, गॅस आणि इस्त्रीच्या नोंदी कालनिर्णयच्या चौकटीत होतात. काकांच्या मते ती नोंद नव्हे, खरडणं. त्यांच्या वहीला खाकी कव्हर आहे आणि आत पट्टीने आखलेले रकाने : दिनांक, नक्षत्र, झाड, पाऊस, कीड, उपाय, शेरा.

‘प्राप्तीचा मार्ग’ हाही एक रकाना आहे. त्यात ‘खरेदी’, ‘भेट’ आणि ‘अन्य’ असे तीनच पर्याय. चोरून आणलेली फांदी हमखास लागते, यावर आपल्याकडे सर्वांचाच विश्वास आहे. काकाही त्याला अपवाद नाहीत. पण लेखापरीक्षक माणूस ‘चोरी’ कसं लिहिणार? गच्चीतली निम्मी बाग ‘अन्य’ आहे. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा काकू गुलाबांपाशी रेंगाळतात आणि काका पाट्या उतरवून घेतात. घरी आल्यावर काकूंच्या लक्षात रंग असतात, काकांच्या वहीत नावं. कुठला रंग कुठल्या नावाचा, हे दोघांनाही सांगता येत नाही.

पावसाळ्यात वहीला बहर येतो. मृगापासून हस्तापर्यंत एकही नक्षत्र सुटत नाही. पाऊस मोजायला काकूंची लोणच्याची सरळसोट बरणी गच्चीत जाते. (लोणचं कुठे गेलं, याची नोंद नाही.) मोजणी सकाळी बरोबर साडेआठला, कारण हवामान खातंही मागच्या चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. धो धो कोसळत असलं तरी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फूटपट्टी घेऊन काका बरणीपुढे वाकलेले असतात. मग शिवाजीनगरचा आकडा मिळवायचा आणि आपल्या आकड्याशी ताडून बघायचा. दोन्हींत फरक आलाच तर वेधशाळेचं चुकलं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडले की बाकीच्यांचा जीव खालीवर होतो. काकांचा चेहरा मात्र उजळतो. चार दिवस ‘कीड’ हा रकाना कोरा गेलेला असतो. आधी नोंद, मग भिंगातून पाहणी, मग कितव्या फांदीवर किती याची मोजदाद. तोवर काकूंनी साबणाच्या पाण्यात कडुलिंबाचं तेल घालून फवारून टाकलेलं असतं. “अगं, मोजायचे होते ना अजून!” असं काका खरोखरच कळवळून म्हणतात.

ब्रह्मकमळाच्या रात्री तर बघायलाच नको. अख्खी सोसायटी गाऊन आणि बर्म्युडात गच्चीवर जमते. काकू हळदकुंकू वाहतात, कुणीतरी मसाला दूध आणतं, लोक हात जोडतात. नेमक्या त्याच क्षणी काका घसा खाकरून सांगतात, “हे खरं ब्रह्मकमळ नव्हे बरं का. ते हिमालयातलं, वेगळं. हे निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं.” जोडलेले हात घोटाळतात. “मग मेक्सिकोत देव नाही का?” असं म्हणून काकू उदबत्ती लावतात. पाकळ्या उलगडत असतात तेव्हा काका खाली मान घालून वेळ टिपत असतात. नऊ चाळीस, दहा वीस, अकरा पाच. मान वर करतात तोवर फूल पूर्ण उमललेलं असतं आणि दूध संपलेलं.

मध्यंतरी कुठेसं त्यांच्या वाचनात आलं, की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनीही बागेची वही ठेवली होती, १७६६ पासून थेट १८२४ पर्यंत. आठवडाभर काका दुसरं बोलेनात. “देश चालवताना माणूस वाटाणे कधी पेरले ते लिहीत होता! आपण तर निवृत्त.” काकूंनी गच्चीतला पाइप गुंडाळता गुंडाळता विचारलं, “आणि त्यांच्या झाडांना पाणी कोण घालत होतं?” काकांनी शोधलं. जेफरसनच्या माँटिसेलोतली बाग गुलाम राबवत होते. हा तपशील वहीत उतरला नाही. काकूंचं पाणीही वहीत नाहीच. तिथे ‘पाणी दिले’ एवढंच. कुणी दिलं, याला रकाना नाही.

वहीतलं सगळ्यात जाड प्रकरण मात्र कागदी लिंबाचं. मोठ्या पिंपातलं हे झाड आठ वर्षांचं. दर महिन्याला एकच शेरा : फुलोरा नाही. शेणखत झालं, निंबोळी पेंड झाली, जागा बदलून झाली. एकदा काकांनी त्याच्यासमोर उभं राहून कारणे दाखवा नोटीस बजावावी तशा सुरात विचारणा केल्याचं तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ऐकलं आहे.

गेल्या डिसेंबरात दोघं लेकीकडे बंगळुरूला गेले. वॉचमनच्या हातात किल्लीबरोबर चार पानी वेळापत्रक पडलं : कुठल्या कुंडीला किती मिलिलीटर, कुठल्या वारी. वॉचमनने त्यात भेळ खाल्ली असावी. तीन आठवडे तो गच्चीवर फिरकला नाही. मग काकूंचा फोन आल्यावर घाबरून रोज बादल्या ओतू लागला. जानेवारी सरता सरता काका परत आले तेव्हा पुदिना गेला होता, शेवंती वाळली होती आणि लिंबू पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं.

माळीबुवा आले आणि हसले. “काका, लिंबाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाड जरा वाळू द्यायचं, मग भरपूर सोडायचं. बागायतदार असाच आंबिया बहार धरतात.” काकांनी आठ वर्षांच्या वह्या काढल्या. ‘पाणी दिले’, ‘पाणी दिले’, ‘पाणी दिले’. एक दिवस चुकलेला नाही. सगळा पुरावा त्यांच्याच अक्षरात होता.

“आता काय लिहिणार?” काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला, ‘उपाय’ हा रकाना काढला आणि लाल पेनने लिहिलं : वॉचमनचा निष्काळजीपणा. मात्रा : तीन आठवडे. दरवर्षी डिसेंबरात द्यावा.