एडविनाबाईंचं मराठी

साल १८१४. पुण्यात गादीवर दुसरे बाजीराव आणि त्यांच्या उरावर रेसिडेंट एल्फिन्स्टन. तिकडे लंडनात मुंबईहून आलेल्या शर्मांच्या धाकट्या मुलीसाठी, एडविनासाठी, स्थळं पाहणं चाललेलं. थोरली बहीण केट लेडी डॅनबरींपुढे मुलीचा बायोडेटा तोंडपाठ म्हणून दाखवते. मुलीला सतार येते, पियानो येतो, लॅटिन येतं, फ्रेंच येतं. आणि मराठी व हिंदुस्थानी तर काय, येतंच!

हे मी 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या सीझनमध्ये, नेटफ्लिक्सवर ऐकलं. रिमोटने तीनदा मागे नेऊन खात्री केली, मग बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली. मराठीला अभिजात म्हणायला केंद्र सरकारला २०२४ उजाडावं लागलं. लंडनच्या लग्नाच्या बाजारात मात्र मराठी त्याच्या २१० वर्षं आधीच मुलीचं वजन वाढवत होती. शिवाय मुंबईत राहायचं तर मराठी आलं पाहिजे, हे शर्मांना १८१४ सालीच पटलं होतं, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

ज्युलिया क्विनबाईंच्या २०००च्या मूळ कादंबरीत यातलं काही नाही. तिथे या बहिणींचं आडनाव शेफील्ड आहे आणि त्यांचा मुंबईशी संबंध नाही. मालिकावाल्यांनी शेफील्डच्या शर्मा केल्या आणि सोबत मराठी आंदण दिली.

मग मी कान टवकारून बसलो. आठ भाग. राणी शार्लटने एडविनाला त्या हंगामाचा हिरा ठरवलं, मला वाटलं आता तरी 'अगंबाई' येईल. व्हायकाउंट अँथनी ब्रिजर्टन तिला मागणी घालायला निघाले आणि डोळे मात्र थोरलीवर, तेव्हा निदान 'मेल्या' तरी यायला हवं होतं. पण माझ्या कानांवर एक मराठी शब्द पडेल तर शपथ. बापाला 'अप्पा'. ठीक, अप्पा आपल्याकडेही असतात. बहिणीला मात्र कधी 'दीदी', कधी 'बोन'. बोन? हे तर बंगाली!

दोन रात्री विचार केल्यावर उलगडा झाला. विल्यम केरीसाहेबांनी मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं आणि कोश १८१० मध्ये, दोन्ही श्रीरामपूरला. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालातलं. मुलीने मराठी पुस्तकावरून उचललेलं दिसतं, त्यामुळे छापखान्याच्या गावची 'बोन' सोबत आली.

तिला 'मारुली' नावाचं वाद्यही येतं म्हणे. मुरली असावी. पण मुलीकडच्यांशी असल्या गोष्टींवरून वाद घालू नये. आमच्या आळीत 'पेटी येते' म्हणून किती लग्नं जमली आणि त्या पेट्या माळ्यावर किती वर्षं धूळ खात पडल्या, हे मला माहीत आहे.

लग्नाआधी हळदही लागली. पार्श्वभूमीला 'कभी खुशी कभी गम'च्या गाण्याची व्हायोलिनवरची सुरावट. १८१४ मध्ये २००१ चा सिनेमा; चालायचंच, आपल्या ऐतिहासिक मालिकांतल्या राण्या पार्लरमधून आल्यासारख्या दिसतातच की. हळदीचं एकही गाणं नाही याचं मात्र वाईट वाटलं. लग्न मोडलं ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर उखाण्याची पंचाईत होती. बायकोच्या मते 'अँथनी'ला 'चटणी' जुळते, पण 'व्हायकाउंट'ला यमक तिलाही सुचलं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पुण्यात त्या काळी होनाजी लावण्या रचत होता. प्रेम, रुसवा, मत्सर, जी सामग्री लंडनच्या दिवाणखान्यात आठ भाग शिजत होती, ती सगळी त्या भाषेत तयार पडली होती. त्या भाषेला या प्रेमकथेत जागा मिळाली ती पात्रतेच्या यादीत, फ्रेंचच्या नंतर. बोलायची पाळी आलीच नाही.

मी तावातावाने हे सगळं लिहून काढलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती भाचीचा बायोडेटा तपासत बसली होती. वधूवर सूचक मंडळाला पाठवायचा होता. बायोडेटा अर्थात इंग्रजीत. 'येणाऱ्या भाषा' या रकान्यात इंग्रजी, हिंदी, थोडी जर्मन आणि शेवटी मराठी. पोरगी मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर शुभेच्छा पाठवते त्याही इंग्रजीत. छंदांमध्ये सतार आहे. सतार आमच्या घराण्यात कोणी पाहिलेली नाही.

बैठक रविवारी आहे. बहिणीला 'बोन' म्हणू नकोस, एवढं तिला बजावून ठेवलंय.