वाळू नको, शिडी दाखवा

भाड्याच्या घराच्या जाहिरातीत पलंग असतो. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले असतात. पलंगावरून समुद्र दिसतो, गच्चीवरून पुन्हा तोच समुद्र दिसतो, आणि मग कॉफीचं यंत्र चारही बाजूंनी दिसतं. मासा एकाही फोटोत नसतो. आम्ही निघालो होतो ते मात्र मासे बघायला.

म्हणजे स्नॉर्केलिंगला. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत रबरी पंजे चढवून पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली चाललेला दुसऱ्यांचा संसार न्याहाळायचा. यात कौशल्य फारसं लागत नाही आणि दुसऱ्यांच्या संसारात डोकावण्याची हौस लागते, त्यामुळे हा खेळ आमच्या घराला मानवतो. न्यू जर्सीतून आम्ही तिघं, ह्यूस्टनहून मेव्हण्याचं कुटुंब आणि लेकीकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, मालवणच्या सासूबाई. कॅरिबियनमधलं एखादं बेट, पाण्याला लागून घर, जुलै महिना. इथपर्यंत एकमत होतं. पुढचं सगळं व्हॉट्सॲपवर झालं.

मराठी माणसाला ही बेटं शिकवली क्रिकेटनं. 1971 साली गावसकरांनी तिकडे चार कसोटींत 774 धावा केल्या तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन आणि ब्रिजटाउन आपल्याला नागपूर-सोलापूरपेक्षा लांबची वाटत नाहीत. मेव्हण्याचा नकाशा तर सगळा त्यावरच बेतलेला. ज्या बेटानं एकही फास्ट बोलर दिला नाही, ते बेट त्याच्या मते अजून पाण्याखालीच आहे. त्यानं आधी अँटिग्वा सुचवलं, कारण रिचर्ड्स. वर्षाच्या दिवसांइतके म्हणजे 365 किनारे आमच्याकडे आहेत, असं अँटिग्वावाले अभिमानानं सांगतात. बायको म्हणाली, एक निवडायला तुला तेवढेच दिवस लागतील. मग बार्बाडोस, कारण सोबर्स. मग ग्रँड केमन, कारण तिथला सेव्हन माइल बीच. हा किनारा सात मैलांचा नाही, सहाच्या आसपास कुठेतरी संपतो. पण वाळू अशी पांढरी, की मेव्हण्यानं तो फोटो फोनवर वॉलपेपर म्हणून लावून टाकला.

आता जुलै म्हणजे तिथला वादळांचा हंगाम. 1 जूनला सुरू होतो, 30 नोव्हेंबरला संपतो, आणि वादळं हंगाम पाळतात. 2024 साली बेरिल नावाचं वादळ 1 जुलैलाच ग्रेनडाच्या कारियाकू बेटावर आदळलं होतं. शिवाय 2011 पासून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ अटलांटिकमधून थव्याथव्यानं येऊन या बेटांच्या वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर साचू लागलं आहे. ते कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. जाहिरातीच्या फोटोला वास नसतो, ही घरमालकांवर विज्ञानानं केलेली मोठी कृपा आहे.

हे सगळं मी टाइप करत असताना सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “वारो खंयसून येता?” आणि “भरती किती चढता?” त्यांना पहिलं उत्तर कपडे वाळत घालायला हवं होतं आणि दुसरं चपला कुठे काढायच्या हे ठरवायला. पण व्हॉट्सॲपवरच्या आम्हा सगळ्या शिकल्यासवरल्यांतून हे दोन प्रश्न कुणालाच सुचले नव्हते.

वारा तिकडे जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून येतो. म्हणजे बेटाच्या पूर्वेला लाटा, फेस, शेवाळ आणि सुंदर फोटो. पश्चिमेला बेटाच्या आडोशाचं शांत पाणी. पालथं पडून मासे बघायचे तर पश्चिम. घराच्या वर्णनात ‘लाटांची गाज ऐकत झोपा’ असं लिहिलेलं दिसलं, की पुढे वाचू नये. गाज ऐकू येत असेल तर मासे दिसणार नाहीत.

आणि भरती? कोकणातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण कॅरिबियन समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला पाणी चार मीटरच्या वर चढतं आणि आपल्या महापालिकेला घाम फुटतो. तिकडे बहुतेक ठिकाणी सगळा फरक फूटभराचा. म्हणून तिथले लोक बिनधास्त पाण्याच्या काठावर घर बांधतात आणि ओट्यावरून थेट समुद्रात शिडी सोडतात. विहिरीत पोहायला उतरतात, तसं समुद्रात उतरता येतं. ती शिडी सकाळी जितकी पाण्यात असते, जवळजवळ तितकीच संध्याकाळी.

या शोधात पुढे आलं बोनेर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण 80 किलोमीटरवरचं, कोरडं, निवडुंगाचं बेट. 2010 पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, चलन अमेरिकन डॉलर, खेळ बेसबॉल. “भावोजी, यांच्याकडे एक तरी कसोटीपटू आहे का?” मेव्हण्यानं विचारलं. नाही. पण दक्षिण अमेरिकेला इतकं खेटून आहे, की वादळं बहुधा उत्तरेकडून निघून जातात. ‘बहुधा’ म्हणायचं कारण 1999 चं लेनी. ते सगळे रिवाज मोडून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि नेमका आडोशाचा किनारा झोडपून गेलं. अपवाद आमच्या घराण्यातही आहेत.

बोनेरला नदी नाही, त्यामुळे समुद्रात गाळ येत नाही आणि पाणी काचेसारखं राहतं. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोक हौसेनं स्नॉर्केलिंग करतात, पण पावसाळ्यात आपल्या खाड्या जे काही समुद्रात आणून ओततात, त्यात स्वतःचा हातही दिसणार नाही. बोनेरनं तर 1971 सालीच भाल्यानं मासे मारायला बंदी घातली आणि 1979 साली बेटाभोवतीचं सगळं पाणी, 60 मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान करून टाकलं. नांगर टाकायला बंदी, पोवळं तोडायला बंदी, हातमोजे घालायला बंदी. कारण हातमोजे असले की माणूस हात लावतो. पोवळ्यांना बाधणारी काही सनस्क्रीनं 2021 पासून विकायलाही बंदी. या सगळ्याची फी म्हणून मोठ्या माणसामागे 75 डॉलर प्रवेश कर आणि 40 डॉलर निसर्ग शुल्क, म्हणजे पहिला मासा दिसण्याआधीच 115 गेले. बायकोनं हा आकडा रुपयांत करून आईला सांगितला. असं करू नये.

आता खरी लढाई. मेव्हण्याला बोनेरवरही वाळू हवी होती. पण हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेलं जुनं पोवळं. काठ बहुतेक जागी टोकदार दगडांचा नाहीतर पोवळ्यांच्या तुकड्यांचा. अनवाणी चाललं तर इष्टदेवतेची आठवण होते. ज्या थोड्या घरांपुढे वाळू, त्यांचं भाडं दुप्पट. आणि वाळूत मासे का असावेत? तिथे लपायला कपार नाही, खायला काही नाही, चार पोरं नाचली की पाणी गढूळ. मासे राहतात ते दगडात, पोवळ्यात, जेट्टीच्या खांबांभोवती. म्हणजे दिसायला जो किनारा कुरूप, तोच वस्तीला चांगला. शेवटी मी मेव्हण्याला हेही सांगितलं, की त्याच्या वॉलपेपरवरच्या त्या पांढऱ्याशुभ्र वाळूत पोपटमाशाचा मोठा वाटा आहे. हा मासा चोचीनं पोवळं खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना मागच्या बाजूनं बाहेर टाकतो. एक मोठा पोपटमासा वर्षात शेकडो किलो वाळू काढू शकतो. वॉलपेपर त्याच दिवशी बदलला.

घर बघणं आणि स्थळ बघणं यांत फोटोची भूमिका सारखीच असते: त्यात काय आहे यापेक्षा काय टाळलंय ते शोधायचं. ज्या घराचे चाळीस फोटो आणि पाण्याच्या काठाचा एकही नाही, तिथे काठ बिकट. ज्यात समुद्र नुसता क्षितिजावर निळी रेघ म्हणून आहे, तिथे मध्ये रस्ता, आणि बहुधा दुसऱ्याचं हॉटेल. मी एका मालकाला साधं विचारलं, “घरापुढून पाण्यात उतरायचं कसं?” उत्तर आलं, 55 इंची टीव्ही आहे. दुसऱ्यानं लिहिलं, किनारा दोन मिनिटांवर. गाडीनं.

अभिप्रायांत पाचाऐवजी एकच तारा देणारी माणसं सगळ्यांत उपयोगी. पाच तारेवाला ‘स्वर्ग!’ एवढंच लिहून मोकळा होतो. एका पाहुण्यानं चिडून लिहिलं होतं: वाळू अजिबात नाही, लोखंडी शिडीनं उतरावं लागतं, मासे पायांत येतात, मुलगा घाबरला, पहाटे गाढवं ओरडतात. हे वाचून मी मुलीला हाक मारली आणि आम्ही तेच घर घेतलं. बोनेरची गाढवं मोकाट असतात हे खरं. स्पॅनिश लोकांनी कष्टाला आणली, काम संपल्यावर सोडून दिली. पाहुणा बाकी कशाबद्दलही खोटं बोलत नव्हता. एसीचं बिल मीटरप्रमाणे वेगळं आहे, हे मात्र त्यानं लिहिलं नव्हतं. बोनेरवर अशी घरं बरीच आहेत, म्हणून आधी विचारा.

सासूबाईंनी यायचं ठरवलं ते सिंहमाशामुळे. हा काटेरी मासा मूळचा आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत महासागराचा. कुठून तरी अटलांटिकमध्ये शिरला, 2009 मध्ये बोनेरला पोचला आणि तिथली पिल्लं फस्त करत सुटला. भाल्यावर एवढी कडक बंदी, पण याच्यापुरते परवानाधारक शिकारी नेमले, आणि लोकांना सांगितलं, दिसला की खा. “खावक सांगतत?” सासूबाई म्हणाल्या. “तर मगे मी येतंय.”

शिडीचं म्हणाल, तर पायऱ्यांना शेवाळ होतं आणि दांडा गंजलेला होता. मुलीला खाली उतरून मान फिरवेपर्यंत कासव दिसलं. पोवळ्यांची भिंत ओट्यापासून हाकेच्या अंतरावर. ‘थाउजंड स्टेप्स’ नावाच्या प्रसिद्ध जागीही गेलो. पायऱ्या तिथे सत्तरच्या आसपास आहेत, पण परत चढताना नाव ठेवणाऱ्याचा हेतू कळतो. मेव्हण्याला वाळू मिळाली ती समोरच्या क्लाइन बोनेरवर. या निर्मनुष्य बेटावर वॉटर टॅक्सी सोडते आणि संध्याकाळी परत आणते. वाळूची हौस तेवढ्यात भागते, त्यासाठी तिच्यावर झोपायची गरज नाही. सासूबाईंच्या मते सिंहमासा चवीला बरा, पण त्या हॉटेलातल्यांना कोकम माहीत नाही.

तुम्ही जाणार असाल तर मालकाला तीन गोष्टी विचारा: घर बेटाच्या कुठल्या बाजूला आहे, शिडी आहे का, आणि ती पाण्यात कुठपर्यंत जाते. आणि दोरी-चिमटे घरूनच न्या. पूर्वेच्या वाऱ्यानं टॉवेल अर्ध्या तासात वाळतो, न बांधलेला असेल तर तेवढ्या वेळात समुद्रातही जातो.